मागचा ब्रेक आणि डॉट ४चा डबा

सातपूरच्या एमआयडीसीत बारा वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसानं तेलात चूक करावी, हे चारचौघांत सांगायला अजून जिवावर येतं. पण रविवारी माझ्याबरोबर सरावाला दोन-तीन पोरं येतात, त्यातल्या एकाच्या सॅकमध्ये परवा तोच डबा दिसला. मोटरसायकलच्या ब्रेक ऑइलचा. म्हणून सांगतो.

आधी खेळाबद्दल थोडं. नाशिक हे लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांचं गाव. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली जोडीनं ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, म्हणजे साधारण ४,८०० किलोमीटर. आमचं सगळं उलटं. ट्रायल्सवाला अख्ख्या सकाळी पन्नास मीटरही पुढे सरकत नाही. मोटरसायकलच्या ट्रायल्समधून निघालेला हा खेळ. सायकलला बसायला सीट नसते, कारण बसायचंच नसतं. एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उड्या मारत जायचं, पाय टेकायचा नाही. मागच्या चाकावर उभं राहून तोल सावरताना मागचा ब्रेक घट्ट दाबलेला असतो, चाक खुंटीसारखं रोवलेलं. ती खुंटीच हलली तर खालची जमीन गेल्यासारखंच.

माझ्या सायकलला पुढे डिस्क आणि मागे रिमला दाबणारा हायड्रॉलिक ब्रेक. सायकल जुनी घेतलेली, लिव्हरवरची अक्षरं घासून गेलेली. एका पावसाळ्यात मागचं लिव्हर मऊ लागायला लागलं. हवा धरली असणार. फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो. मोटरसायकलच्या ब्रेकचं ऑइल बदलून उरलेला डॉट ४चा अर्धा डबा समोर होता. म्हटलं, ब्रेकचंच तर ऑइल आहे. सिरिंजनं भरलं, हवा काढली.

आणि ब्रेक इतका कडक झाला की मी स्वतःवरच खूश.

आठवड्याभरात लिव्हर दाबलं की सावकाश परत यायला लागलं. पॅड रिमला चाटून चाक घासत फिरायचं. इथेच थांबायला हवं होतं. मी काय केलं, तर ॲडजस्टर फिरवून पॅड मागे घेतले. घासणं बंद झालं, म्हणजे रोग बरा झाला असं समजलो. मशीनवर असलं काही दिसलं असतं तर पहिल्यांदा मशीन बंद केलं असतं. सायकलला मात्र आपण छंद म्हणतो, आणि छंदाला वेगळा न्याय लावतो.

पुढच्या रविवारी सोमेश्वरला, गोदावरीच्या पात्रातल्या कातळावर होतो. कंबरभर उंचीचा दगड, मागच्या चाकावर उभा, दुसरी उडी घेणार तेवढ्यात लिव्हर सरळ हँडलला येऊन टेकलं. आवाजसुद्धा झाला नाही. चाक पुढे निसटलं, मी पाठीमागे पडलो आणि उजवा हात खाली टेकला. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि तेवढे दिवस लेथ बंद.

प्लास्टरमधल्या हातानं ब्रेक खोलता येईना, म्हणून आमच्याकडे हायड्रॉलिक प्रेस सांभाळणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी पिस्टन काढला, सील नखावर घेतलं आणि मला दाखवलं. भिजवलेल्या मनुक्यासारखं फुगलेलं, आणि एका बाजूनं ओठ फाटलेला. “अरे, रबर कसलं आहे ते बघितलंस का भरायच्या आधी?” एवढंच विचारलं त्यांनी. रोज नायट्राइलची सीलं हाताळणारा मी, काय बोलणार?

तर गोष्ट अशी आहे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉलच्या जातीची द्रवं. त्यांच्यासाठी ईपीडीएम रबराची सीलं असतात. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये साधारण नायट्राइल असतं. नायट्राइलला डॉट सोसत नाही, ईपीडीएमला मिनरल सोसत नाही. दोन्हीकडे सील फुगतं, मऊ पडतं, पिस्टन अडकतो आणि शेवटी गळती. सुरुवातीचे काही दिवस मात्र ब्रेक झकास चालतो, खरा धोका तोच.

मागुरा, शिमॅनो, टेक्ट्रो यांचे सायकल ब्रेक मिनरलवर चालतात. होपचे डॉटवर. स्रामचे जुने बहुतेक डॉटवर, काही नवे मिनरलवर, म्हणजे नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नका. टाकीच्या झाकणावर लिहिलेलं वाचा. अक्षरं गेली असतील तर मॉडेल ओळखून खात्री करा, आणि तोवर डबा उघडू नका. चुकीचं ऑइल गेलंच, तर नुसतं धुऊन भागत नाही. सगळी सीलं आणि होस बदला, नाहीतर ब्रेक टाकून द्या. कारखान्यातलं ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइलही ‘मिनरलच आहे’ म्हणून भरू नका. ते ब्रेकसाठी फार जाड.

डॉट ज्यांना लागतं त्यांनी डबा उघडा ठेवू नये. ते हवेतलं पाणी ओढतं. ताज्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी मुरलेल्याचा १५५पर्यंत उतरू शकतो. शिवाय ते रंग खातं. माझ्या फ्रेमवर अजून त्याचा ओघळ आहे.

रिम ब्रेकवाले रिमला ग्राइंडर मारून खरखरीत करतात, पकड वाढते. सातपुरात ग्राइंडर कुठेही मिळतो, म्हणून आपली पोरं जोर लावतात. हात हलका ठेवा, चाक फिरतं ठेवा. रिमची भिंत मुळात पातळ, दोनदा जास्त खाल्ली की फाटते. डिस्कवाल्यांनी रोटर मायक्रोमीटरनं मोजावा. व्हर्नियर झिजलेल्या पट्ट्याबाहेरच्या कडेवर बसतं आणि जाडी जास्त दाखवतं. शिमॅनोचा नवा रोटर १.८ मिलिमीटर, १.५ झाला की काढायचा. आणि चेनला स्प्रे मारताना डिस्कवर फडकं टाका. एकदा पॅडनं तेल प्यायलं की ते पॅड गेलेच समजा.

मी आता निघण्यापूर्वी दोन्ही लिव्हर पूर्ण ताकदीनं अर्धा मिनिट दाबून धरतो. बोटांखाली लिव्हर किंचितही सरकत राहिलं, तर त्या दिवशी सायकल घरी. त्या पोरालाही परत पाठवलं. तो चिडला. त्याच्या ब्रेकच्या झाकणावरची अक्षरं आम्ही घरी भिंगातून वाचली. मिनरल ऑइलच होतं.