दिवाळीनंतरचे चतुर

दिवाळीची सुट्टी संपवून होस्टेलवर परतलो की मी संध्याकाळी गच्चीवर जातो, चतुर बघायला. ओळखायचे कसे? बसल्यावर पंख आडवे पसरलेले तर चतुर. टाचण्या बहुधा पंख मिटून बसतात. गटाराकाठी नारिंगी पंखांचा दिसला, तर तो डिच ज्वेलचा नर. भिंतीला सपाट चिकटलेला, करडा ठिपकेदार तो ग्रॅनाइट घोस्ट. फर्स्ट इयरभर मी त्याला सिमेंटचा डाग समजत होतो! थव्याने घिरट्या घालणारा, क्वचितच टेकणारा पिवळसर तो पँटाला. हे भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत जात असावेत, असे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले. आणि लहानपणी आम्ही याच्याच शेपटीला दोरा बांधायचो! मित्रांनो, आता तो दिसला की मी हात खिशात ठेवतो.