तिची गोष्ट, तिला विचारून

लहान मुलांसाठी लिहिणाऱ्या बाईला पालक हमखास विचारतात, "घर, मुलगी, कार्यक्रम आणि वर लिहिणं, जमवता कसं?" नोकरी करणारी कुठलीही आई जमवते तसंच. दिवाळी अंकाची कथा जुलै-ऑगस्टमध्ये द्यायची असते आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळेच्या चाचण्या, पावसाळी सर्दी-ताप आणि गणपतीची आवराआवर येते. मी लेकीला सांगते, "हे पान संपलं की येते," आणि पान संपलं की उठते. पुढचं वाक्य डोक्यात तयार असलं तरी उठते. सकाळपर्यंत टिकलं तर त्यात दम होता म्हणायचं. प्रतिभेपायी घरच्यांनी सोसायचंच असतं, ही समजूत आपल्याकडे फार लाडाने जपली गेली आहे. मला ती कधीच पटली नाही.

वेळेपेक्षा अवघड प्रश्न वेगळा आहे. लिहिणारं माणूस पुष्कळसं घरातूनच उचलतं. मूल रुसतं, घाबरतं, भलतंच काहीतरी बोलून जातं आणि आईच्या वहीत त्याची नोंद होते. ती नोंद छापून आली की मुलाचं जगणं चारचौघांत जातं. ते तसं न्यायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

या प्रश्नापाशी मला नेहमी ए. ए. मिल्न आठवतात. तुमच्या मुलांच्या दप्तरावर, डब्यावर 'पू' नावाचं जे पिवळं अस्वल असतं, ते मूळ त्यांचं. मिल्न हे लंडनचे नाटककार, 'पंच' या साप्ताहिकातले विनोदी लेखक. त्यांचा मुलगा १९२० मध्ये जन्मला. घरात त्याला बिली म्हणत, पुढे मून. या मुलाची खेळण्यातली अस्वल, डुक्कर, गाढव ही मंडळी आणि ससेक्समधल्या घराजवळचं अ‍ॅशडाउनचं रान यांतून १९२४ ते १९२८ या काळात चार पुस्तकं झाली, दोन कवितांची आणि दोन गोष्टींची. त्यांतल्या मुलाला मिल्न यांनी आपल्या मुलाचं कागदोपत्री नावच दिलं, क्रिस्टोफर रॉबिन. पुस्तकं तुफान खपली. पोराच्या नावाने वाचकांची पत्रं येऊ लागली, फोटो छापून आले, त्याच्या आवाजातली तबकडीसुद्धा निघाली.

मग तो निवासी शाळेत गेला. शेजारच्या खोलीतली पोरं तीच तबकडी पुन्हा पुन्हा लावून त्याला चिडवायची. थट्टा शिळी झाल्यावर त्यांनी ती त्याच्याच हातात ठेवली. त्याने तिचे तुकडे तुकडे केले आणि लांबच्या शेतात विखरून टाकले. दुसऱ्या महायुद्धानंतर नोकरीसाठी वणवण करताना त्याला वाटत राहिलं, की वडील आपल्या जिवावर मोठे झाले आणि आपल्याला मात्र एक पोकळ नाव तेवढं उरलं. पुढे त्याने डार्टमाउथला पुस्तकांचं दुकान टाकलं आणि १९७४ मध्ये, वडील जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, स्वतःच्या बालपणाबद्दल स्वतः लिहिलं.

मिल्न वाईट बाप नव्हते. मुलाच्या वाट्याला आलेली प्रसिद्धी पाहून तेही धास्तावले आणि १९२८ नंतर पूच्या गोष्टी त्यांनी थांबवल्या. पण तोवर पुस्तकं जगभर गेली होती. मला सर्वांत जास्त लागली ती मुलाने आपल्या आत्मकथनात मांडलेली एक गोष्ट. वडिलांना लहान मुलाशी खेळता येत नसे. जमिनीवर बसून पोराबरोबर दंगा करणं त्यांना जमलं नाही, म्हणून ती ओढ त्यांनी कागदावर भागवली. मुलाचा दिवस जायचा नॅनीपाशी, आई-बाबांच्या वाट्याला ठरावीक वेळ. जगाला वाटायचं, केवढा खेळकर बाप! हे वाचल्यापासून लेकीच्या बोलण्यातलं काही टिपून घ्यावंसं वाटलं, की मी आधी स्वतःला विचारते: तिच्याजवळ बसायचं टाळायला तर वही उघडत नाही ना?

आपल्याकडे 'श्यामची आई' घराघरात वाचली जाते. साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीही घरातलीच गोष्ट आहे. पण तिथे ज्याचं बालपण, त्यानेच मोठेपणी, आपण होऊन ते सांगितलं. काय सांगायचं, काय गाळायचं, हे त्याच्या हाती होतं. बिलीच्या हाती काहीच नव्हतं.

म्हणून आमच्या घरी एक रीत आहे. लेकीवरून सुचलेलं काहीही छापायला जाण्याआधी ती वाचते. गेल्या पावसाळ्यात एका कथेची मुद्रितं जेवणाच्या टेबलावर पसरून, शिसपेन्सिल घेऊन बसली होती. पालीला घाबरणारी मुलगी तिने ठेवली. रात्री आईची ओढणी मुठीत धरून झोपणारी मुलगी मात्र आडवी रेघ मारून काढली. "व्हॅनमधली मुलं वाचतील," एवढंच म्हणाली. कथेतला सगळ्यात हळवा परिच्छेद होता तो. संपादकांना मी दुसरा लिहून दिला. आधीच्याइतका चांगला नाही झाला. चालेल.

प्रसिद्धीचंही तसंच. हल्ली पुस्तक निघालं की त्याचा गाजावाजा लेखकानेच करावा, अशी अपेक्षा असते. "लेकीबरोबर एखादी रील करा ना, लोकांना आवडतं," असं प्रेमानेच सुचवतात. मी पुस्तकाबद्दल हवं तेवढं बोलते, शाळांमध्ये जाते, मुलाखती देते. प्रकाशनाला लेक आलीच तर श्रोत्यांत बसते, व्यासपीठावर नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे लेखक आहोत? पालकहो, मिल्न यांच्या मुलाचं नाव जगभर पोचायला प्रकाशक लागला, छापखाना लागला. आपल्या मुलांसाठी आपल्या हातातला फोन पुरतो. आंघोळीनंतर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ, गुणपत्रिका, स्टेजवर शब्द विसरून रडणारी पोर. कौतुकानेच टाकतो आपण स्टेटसला. पण दहावीच्या वर्गात कुणीतरी तोच फोटो बाहेर काढला तर त्या पोरीने काय करायचं? बिलीला निदान तबकडी फोडता आली.

मिल्न यांच्या घरातली पुढची हकिगतही तुम्हाला सांगायलाच हवी. १९३० मध्ये नॅनी गेली आणि बाप-लेक खऱ्या अर्थाने जवळ आले. दोघं मिळून गणितं सोडवत, शब्दकोडी सोडवत, क्रिकेट खेळत. मुलाने मोठेपणी ही वर्षं मायेने आठवली आहेत. मिल्न यांनी त्यांतून एकही पू काढला नाही.

या रविवारी एक कराल? मुलाला शेजारी बसवा, तुमच्या फोनमधले त्याचे फोटो उघडा आणि फोन त्याच्या हातात द्या. यातले कुठले लोकांना दाखवायचे, कुठले काढून टाकायचे, ते त्याला ठरवू द्या. पाच वर्षांच्या मुलालाही ते नीट ठरवता येतं. तो नको म्हणेल ते त्याच्यासमोरच काढून टाका.