घरगुती पाव-यंत्र : वापर आणि खबरदारी

पीठ मळणे, फुगवणे आणि भाजणे ही तिन्ही कामे एकाच बंद पेटीत करणारे घरगुती यंत्र जपानमधील मात्सुशिता इलेक्ट्रिक कंपनीने १९८७ साली बाजारात आणले. आता अशी यंत्रे आपल्याकडेही मिळतात. कळ दाबल्यावर तीन-चार तास हात लावावा लागत नाही, हा यंत्राचा गुण होय. परंतु त्यामुळेच दुर्लक्ष घडते. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

जागा व वीज : हे यंत्र साधारणतः ५०० ते ७०० वॅट वीज घेते. तीन पिनांचा प्लग भिंतीवरील सॉकेटमध्येच बसवावा व अर्थिंग ठीक असल्याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी. अर्थिंग नसेल आणि यंत्रात बिघाड झाला, तर बाहेरील धातूत वीज उतरून प्राणावर बेतते. मळताना यंत्राला हादरे बसतात. ते ओट्याच्या कडेपासून आत, भिंतीपासून वीतभर दूर व सपाट जागी ठेवावे. वाफेची भोके झाकू नयेत.

माप : सुमारे ७०० ग्रॅमच्या पावासाठी मैदा ४५० ग्रॅम, पाणी २८० मिलिलिटर, साखर १५ ग्रॅम, तेल २० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम व कोरडे इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम घ्यावे. गिरणीवरील कणीक वापरल्यास पाणी थोडे अधिक लागते. मापे तराजूवरच घ्यावीत. भांड्याच्या क्षमतेपेक्षा अधिक पीठ घातल्यास ते फुगून तापणाऱ्या कांबीवर सांडते, धूर होतो व आग लागण्याची भीती असते. म्हणून भांडे यंत्राबाहेर काढून भरावे. बहुतेक यंत्रांत प्रथम पाणी, नंतर पीठ व सर्वांत वर यीस्ट घालतात. तरी आपल्या यंत्राच्या माहितीपत्रकातील क्रमच पाळावा. रात्री भरून सकाळी पाव हवा असल्यास त्यात दूध किंवा अंडी घालू नयेत; उबेत ती नासतात.

वीज गेल्यास : भारनियमनाची वेळ पाहूनच यंत्र लावावे. भाजणी सुरू होण्यापूर्वी वीज गेली व लवकर येण्यासारखी नसली, तर प्लग काढून पीठ बाहेर घ्यावे आणि त्याच्या जाडसर पोळ्या लाटून तव्यावर भाजाव्यात. भाजणी अर्धवट राहून मध्यभाग कच्चा राहिलेला पाव खाऊ नये.

पाव काढताना : प्रथम प्लग काढावा. भांडे कोरड्या जाड फडक्याने धरावे. ओल्या फडक्यातून उष्णता चटकन हातापर्यंत पोचते. मुलांना दूर ठेवावे. मळणीचे पाते पावात अडकले आहे काय, हे कापण्यापूर्वी पाहावे व ते लाकडी दांडीने काढावे. पाव जाळीवर तासभर निवू द्यावा. गरम पाव पिशवीत बांधल्यास ओल धरून बुरशी येते. बुरशी दिसल्यास केवळ तेवढा भाग न काढता संपूर्ण पाव टाकून द्यावा.

यंत्र पूर्ण थंड झाल्यावरच ओलसर फडक्याने पुसावे. ते पाण्यात कधीही बुडवू नये.

गावात प्रात्यक्षिक दाखविताना कार्यकर्त्यांनी प्रथम अर्थिंगची तपासणी व तराजूवरील मापे दाखवावीत, आणि मगच यंत्राची कळ दाबावी.