केयी आणि केळी

चि. माई,

तुझे पत्र परवा पावले. आंतरशालेय वाचनस्पर्धेच्या परीक्षकपदी तुझी नेमणूक झाली, हे वाचून आनंद वाटला. परंतु त्या कामी मी चार शब्द लिहून पाठवावेत, या तुझ्या मागणीने संकोचही वाटला, कारण ज्या कामात मनुष्याने आयुष्य वेचले त्यातील विद्येपेक्षा प्रमादच त्याला अधिक लख्ख आठवत असतात.

तेव्हा प्रमादापासूनच आरंभ करतो. आमच्या खानदेशातील एका तालुक्याच्या गावी अशीच स्पर्धा होती, आणि दहा-अकरा वर्षांची एक मुलगी, शेतकऱ्याने म्हातारा बैल विकल्याचा उतारा वाचीत होती. तिच्या जिभेवर 'ळ' नव्हता. 'डोळे' आले की 'डोये' आणि 'काळा' आले की 'काया', असे ती बिनदिक्कत म्हणे. मात्र विकलेल्या बैलाच्या गळ्यातील घुंगुरमाळ मालकाने सोडून घेतली, त्या वाक्यानंतर ती क्षणभर थांबली, आणि पुढचे वाक्य तिने इतक्या हलक्या आवाजात वाचले की मागच्या बाकांवरची कुजबूज आपोआप विरली. मला ते कळले, आवडलेही. आणि तरीही 'उच्चार सदोष' असा शेरा मारून मी तिचे पंधरा गुण कापले. त्याच सायंकाळी बाजारात घासाघीस करताना 'केयी कशी दिली?' हे शब्द माझ्याच मुखातून बाहेर पडले! विकणारीला त्यात काहीच वावगे वाटले नाही. निकाल तोवर जाहीर झाला होता, आणि फेरतपासणीची तरतूद नियमांत नव्हती.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने निघाली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने याच मुलखाच्या बोलीला मुजरा केला. तो ग्रंथ माझ्या कपाटात होता. परीक्षकाच्या खुर्चीत बसताना मी तो घरीच विसरलो, इतकेच.

म्हणून उच्चाराकडे कानाडोळा कर, असे मात्र समजू नकोस. आपल्या लिपीत 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार एकाच अक्षरात कोंबलेले आहेत. 'बैलापुढे चार पेंढ्या चारा टाकला' या वाक्यातले दोन 'चा' निराळे. 'सारे जग' यातला 'ज' आणि 'शंभर वर्षे जग' यातला 'ज' निराळा. कागदावर त्याची काहीच खूण नसल्यामुळे, अर्थ उमगला तरच तेथे जीभ योग्य जागी वळते. असल्या ठिकाणी कान टवकारून बस. बोलीचा उच्चार मूल घरून आणते, त्यास दंड कसला? पण अर्थ न कळल्याने झालेली चूक ही वाचनातीलच चूक होय.

दुसरे संकट अभिनयाचे. 'श्यामची आई'तील उतारा घेऊन चार-दोन मुले तरी येतीलच, आणि त्यांना घरी कोणीतरी हुंदके पढवून पाठविलेले असेल. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात श्याम रात्री आश्रमातील सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. जवळ बसलेल्या माणसांना सांगण्याचा जो आवाज असतो, तो ज्या मुलाला साधला त्याने ते पुस्तक खरोखर वाचले, असे मी मानतो. छाती पिटणाऱ्यास टाळ्या मिळतात, त्या मिळू देत.

तपशिलाच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. क्रम चिठ्ठ्या टाकून लावावा आणि शाळांची नावे तुम्हां परीक्षकांस कळू देऊ नयेत, असा आग्रह धर. पहिल्या तिघा-चौघांचे गुण शिसपेन्सिलीने मांड, कारण आरंभी परीक्षकाचा हात आखडलेला असतो. सहपरीक्षकांशी मसलत करायची ती आपले आकडे लिहून झाल्यावरच. पाठ करून आणलेल्या उताऱ्याखेरीज एखादा अपरिचित परिच्छेद आयत्या वेळी देण्याची मुभा असेल, तर ती अवश्य वापर. पाठांतराचा मुलामा तेथे उतरतो.

निकालानंतर शिक्षक व पालक तुला गाठतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण बक्षीस न मिळालेल्या मुलांसाठी अर्धा तास राखून ठेव आणि त्यांनी विचारण्याची वाट न पाहता तूच त्यांच्याजवळ जा. त्या मुलीने मला काही विचारले नाही. पुस्तक पिशवीत घालून ती बाईंबरोबर निघून गेली. त्यांच्या गावची एस. टी. पाचला सुटत असे.

कळावे.

तुझा,
मामा