पॅलेस्टाईनचा प्रश्न : मदत आणि मुत्सद्देगिरी यांच्या मर्यादा

इस्रायल व पॅलेस्टिनी यांच्यातील युद्ध थांबले की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एखाद्या राजधानीत शांतता परिषद भरते आणि तिच्या पाठोपाठ देणगीदार राष्ट्रांची बैठक होते. पहिलीत मसुदे मांडले जातात, दुसरीत रकमा जाहीर होतात. तरीही १९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघापुढे आलेला हा प्रश्न सुटलेला नाही. असे का व्हावे, याचा विचार भावनेच्या भरात न करता घटनाक्रमाच्या आधारे केला पाहिजे.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव संमत केला. भारताने विरोधात मत दिले होते. अरब राष्ट्रांनी ठराव अमान्य केला. त्यानंतरच्या युद्धात सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी निर्वासित झाले. त्यांच्यासाठी १९४९ मध्ये राष्ट्रसंघाने एक मदतसंस्था स्थापन केली. ती तात्पुरती असणार होती. परंतु तिची मुदत वेळोवेळी वाढवावी लागली. वंशज धरून तिच्याकडे नोंदलेल्या निर्वासितांची संख्या आज ५९ लाखांच्या घरात आहे. या संस्थेने शाळा चालविल्या, दवाखाने चालविले, हे तिचे मोठेच कार्य होय. मात्र या लोकांनी कायमचे राहावयाचे कोठे, हे ठरविणे तिच्या हाती नव्हते. आणि ज्यांच्या हाती होते त्यांनी ते ठरविले नाही.

मुत्सद्देगिरीचा पहिला दोष म्हणजे तिची संदिग्ध भाषा. १९६७ च्या युद्धानंतर सुरक्षा समितीने २४२ क्रमांकाचा ठराव केला. त्याच्या इंग्रजी मसुद्यात व्यापलेल्या 'प्रदेशांतून' माघार घ्यावी असे म्हटले होते, पण त्या शब्दामागे निश्चयदर्शक उपपद नव्हते. फ्रेंच मसुद्यात ते होते. इस्रायलने अर्थ लावला 'काही प्रदेशांतून', अरबांनी लावला 'सर्व प्रदेशांतून'. मराठीत काय किंवा कन्नडमध्ये काय, असे उपपदच नसल्याने भाषांतरात ही फट दिसतही नाही. ठराव एकमताने झाला खरा, परंतु ते एकमत शब्दांपुरतेच होते.

दुसरा दोष म्हणजे कठीण प्रश्न पुढे ढकलण्याची वृत्ती. १३ सप्टेंबर १९९३ रोजी वॉशिंग्टनला झालेल्या ऑस्लो करारात जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सुरक्षाव्यवस्था आणि सीमा हे विषय नंतरच्या वाटाघाटींसाठी राखून ठेवले गेले. म्हणजे भांडणाचे मूळ तसेच राहिले. पाच वर्षांची संक्रमणावस्था १९९९ मध्ये संपली, तोडगा निघाला नाही. दरम्यान १९९५ मध्ये पंतप्रधान राबिन यांचा एका इस्रायली अतिरेक्याने खून केला; हमासने आत्मघातकी स्फोट घडविले; आणि पूर्व जेरुसलेम वगळता पश्चिम किनाऱ्यावरील वसाहतींत १९९३ मध्ये जे सुमारे १ लाख १० हजार इस्रायली होते, ते तीस वर्षांत ५ लाखांच्या आसपास पोचले. ज्या भूमीविषयी बोलणी व्हावयाची, ती बोलणी चालू असतानाच बदलत होती.

आता पैशाकडे वळू. ऑस्लो करारानंतर काही दिवसांतच देणगीदारांनी दोन अब्ज डॉलरहून अधिक मदतीची वचने दिली. विकास झाला की शांतता येईल, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे झाले. गाझाचा विमानतळ परकीय मदतीने उभा राहिला आणि १९९८ मध्ये सुरू झाला. २००१-०२ मध्ये इस्रायली सैन्याने त्याचे रडार व धावपट्टी उद्ध्वस्त केली. १९९४ च्या पॅरिस करारानुसार पॅलेस्टिनी प्रशासनाचे आयातकर इस्रायल गोळा करते व मग त्यांच्या हवाली करते. वाद झाला की ती रक्कम अडविता येते आणि अनेकदा अडविली गेली आहे. ज्यांच्याकडे स्वतःची सीमा, बंदर वा तिजोरीची किल्ली नाही, त्यांची अर्थव्यवस्था देणग्यांवर कशी उभी राहणार?

जिनिव्हाच्या १९४९ च्या चौथ्या करारानुसार व्याप्त प्रदेशातील जनतेच्या अन्नाची व औषधांची जबाबदारी व्यापणाऱ्या सत्तेवर असते. ती देणगीदारांनी उचलली की व्याप्तीचा खर्च हलका होतो, असा आक्षेप घेतला जातो. दुसऱ्या बाजूस, मतदारांऐवजी देणगीदारांना उत्तर देणारे पॅलेस्टिनी प्रशासन भ्रष्टाचाराच्या आरोपांत सापडले. तेथे २००६ नंतर संसदीय निवडणूक झालेली नाही. मदत करणारेही तटस्थ नसतात. मध्यस्थ अमेरिकेने २०१६ मध्ये इस्रायलला दहा वर्षांसाठी ३८ अब्ज डॉलरच्या लष्करी साहाय्याचा करार केला; इराणने हमासला पैसा व शस्त्रे पुरविली.

मग मुत्सद्देगिरी व्यर्थच म्हणावी काय? तसे नाही. १९७८-७९ मध्ये इजिप्त व इस्रायल यांच्यात झालेला तह पुढील सर्व वादळांत टिकला. तेथे भूमी निश्चित होती, माघारीची मुदत निश्चित होती, १९८२ मध्ये सिनाई परत मिळाला, आणि दोन्ही सरकारे दिलेला शब्द पाळण्याइतकी समर्थ होती. तेथेही अमेरिकेची मदत होती. पण ती निर्णयाच्या मागून आली, निर्णयाच्या जागी नव्हे.

मदत बंद करावी, हा निष्कर्षही यातून निघत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसे मारली गेली; नंतरच्या युद्धात गाझातील हजारो कुटुंबे नष्ट झाली. उपाशी मुलाला भाकरी देताना राजकीय तोडग्याची अट घालता येत नाही. फक्त भाकरीला तोडगा म्हणू नये, एवढेच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी झाली आणि पुनर्रचनेच्या योजना पुन्हा पुढे आल्या. अशी कोणतीही योजना वाचताना अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत : सीमा कोणती? मुदत कोणती? आणि वचन मोडणाऱ्याला जाब कोण विचारणार? यांची उत्तरे नसतील, तर जाहीर झालेली रक्कम कितीही मोठी असो, तिने प्रश्न सुटणार नाही. तो फक्त पुढच्या पिढीच्या खात्यावर मांडला जाईल.