पोटभर खाऊनही बाळ अंग का धरत नाही?

प्रश्न : माझा दीड वर्षाचा मुलगा नीट जेवतो, तरी वजन वाढत नाही. सारखे जुलाब होतात. विहिरीचे पाणी मी गाळून देते. आणखी काय करू?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : ताई, गाळल्याने गाळ निघतो, जंतू नाही. पाणी खळखळून उकळा, झाकून ठेवा आणि दांड्याच्या ओगराळ्यानेच काढा. पण विष्ठेतले जंतू हात, माशा आणि अंगणातल्या मातीतूनही तोंडात जातात. हे सतत घडले, की जुलाब नसतानाही आतड्याच्या अस्तराला सूज राहते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. म्हणून बाळाची शी संडासातच टाका. शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवा.

जुलाब लागताच ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजा. अंगावरचे दूध, जेवण चालूच ठेवा. या वयात झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस द्या. दोन्ही आशाताईंकडे मोफत मिळतात. शौचातून रक्त पडले, डोळे खोल गेले किंवा बाळ मलूल झाले, तर ताबडतोब दवाखाना गाठा. वजन न वाढण्याची इतरही कारणे असतात. या आठवड्यातच आरोग्य केंद्रात तपासून घ्या.