लाकडी चॉपिंग बोर्ड का वाकतो?

प्रश्न : आमचा सागवानी चॉपिंग बोर्ड ओट्यावर डुगडुगायला लागला आहे. पाण्याने खराब होऊ नये म्हणून मी तो धुतल्याबरोबर गच्चीवर कडक उन्हात वाळत घालते. दर आठवड्याला शेंगदाण्याचं तेलही चोळते. तरी तो वाकला, आणि आता खवट वास येतो. प्लास्टिकचाच आणावा का?
– एक वाचक, ओमती, जबलपूर

उत्तर : इतक्यात टाकून देऊ नका. तुमच्या दोन्ही तक्रारी तुमच्या दोन उपायांतूनच निघाल्या आहेत.

आधी वाकण्याचं पाहू. लाकूड ओलं झालं की फुगतं, वाळलं की आकसतं. हा फरक रेषांच्या आडव्या दिशेने पडतो. लांबीत तो जवळजवळ नसतोच. गच्चीवर बोर्ड आडवा टाकला, की उन्हाकडची बाजू झटकन वाळून आकसते आणि खालची ओलीच राहते. आकसलेली बाजू दोन्ही कडा वर ओढते, मधे खोलगट होतं. जबलपुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा तर हे फार लवकर घडतं. ओट्यावर ओला बोर्ड आडवा ठेवला तरी परिणाम हाच, फक्त सावकाश. म्हणून धुतल्यावर पुसा आणि सावलीत भिंतीला टेकवून उभा ठेवा, दोन्ही बाजूंना सारखा वारा लागेल असा. जुन्या पोळपाटाला खाली पाय असतात. त्यामुळे त्याच्या पोटाखालूनही हवा खेळते.

वाकलेला बोर्ड बहुधा सरळ होतो. खोलगट बाजू खाली करून ओलसर फडक्यावर रात्रभर ठेवा. कोरडी बाजू पाणी घेऊन फुगते आणि बाक उतरतो. भेग पडली असेल तर मात्र हा इलाज चालत नाही.

आता वास. शेंगदाण्याचं किंवा मोहरीचं तेल लाकडात सुकत नाही. हवेतल्या ऑक्सिजनमुळे ते हळूहळू खवट होतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन (आय. पी.) खवटत नाही. बोर्ड गरम पाण्याने आणि साबणाने घासा, पूर्ण वाळू द्या, वरचा थर बारीक पॉलिश पेपरने काढा. मग पॅराफिन दोन्ही बाजूंना आणि कडांनाही लावा. कडा विसरू नका, कारण लाकडाची टोकं सर्वांत जास्त पाणी शोषतात. रात्रभर मुरू द्या, उरलेलं पुसा. पुढे लाकूड कोरडं, फिकट दिसू लागलं की पुन्हा लावायचं. जवसाचं तेल सुकतं खरं, पण रंगाच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ तेल मुळीच नको. ते लवकर सुकावं म्हणून त्यात बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात.

प्लास्टिक जास्त स्वच्छ, हा समज मात्र सोडा. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डीन क्लायव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लाकडावर टाकलेले जिवाणू आत शोषले गेले आणि पृष्ठभागावरून परत मिळेनासे झाले. सुरीचे चरे पडलेलं प्लास्टिक साफ करणं उलट कठीण गेलं. याचा अर्थ लाकूड धुवायचं नाही असा नव्हे. कच्चं मांस-मासळी कापायला वेगळा बोर्ड ठेवाच, आणि कुठलाही बोर्ड पाण्यात बुडवून ठेवू नका.

हळदीच्या डागांपुरतं ऊन उपयोगी आहे. हळदीचा रंग उन्हाने उडतो. त्यासाठी पुसून कोरडा केलेला बोर्ड सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ उभा करा आणि मधेच बाजू बदला.